आधी जेवण, मग नाव

आमच्या थोरल्या दिरांना पाच माणसांचा स्वयंपाक येत नसे. तीस माणसांचा येई, साठांचा त्याहून चांगला येई, आणि शंभर जण असले तर ते मजेत शीळ घालत करत. उभी नोकरी त्यांनी फौजेच्या लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात काढली होती. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा सोबत एक ट्रंक आणि एक पातेलं होतं. आमचा सुजय लहानपणी त्या पातेल्यात बसून वरून झाकण ओढून घेई आणि लपंडावात कुणाला सापडत नसे, यावरून पातेल्याची कल्पना यावी.

थोरल्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. पातेलं अजून आहे. त्यात आम्ही पाणी तापवतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. घरात काही वाया गेलेलं मला सोसत नाही आणि अंदाजपंचे केलेलं तर अजिबात सोसत नाही. त्यामुळे थोरले आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना त्रैराशिक शिकवायला बसले.

"दादा, तीस माणसांना दोन किलो डाळ लागत असेल, तर पाच माणसांना किती लागेल?"

"पाच मानसांचा काय सैपाक असतोय व्हय, मास्तरीणबाई? पाच मानसं म्हंजे पहाऱ्यावरची. त्यास्नी नुसता चा द्यायचा."

"तीनशे तेहतीस ग्रॅम," मी उत्तर काढून दिलं.

"मग त्ये तेहतीस तुमीच मोजा. माज्या हाताला त्ये कळत न्हाई."

मी हट्टाला पेटले. एकदा त्यांना खरोखरच पाच माणसांपुरतं वरण करायला लावलं. ते वरण आम्ही पाच जणांनी एकेक घास खाल्लं आणि उरलेल्या वेळात पाणी प्यायलो. थोरल्यांचा हात मिठाच्या डब्यात एका ठरलेल्या खोलीपर्यंत जाई आणि मूठ एका ठरलेल्या मापाची भरे. ती मूठ साठ माणसांची होती. तिला भागाकार ठाऊक नव्हता. त्यानंतर मी गणित शाळेपुरतं ठेवलं. थोरल्या जाऊबाई फार पूर्वीच गेलेल्या, मूलबाळ नाही. थोरल्यांना तरी करमणूक काय, असं म्हणून शनिवार-रविवारचा स्वयंपाक मी त्यांच्या ताब्यात दिला. शनिवारी वशाट चालत नाही म्हणून पुरणपोळी किंवा तसंच काही गोडाचं आणि रविवारी मटण, हा कार्यक्रम ठरून गेला. माझ्या यजमानांचं मत कुणी विचारलं नाही. ते बाराही महिने द्राक्षबागेत असतात, आणि घरात असले तरी मनानं छाटणीच करत असतात.

आता एवढं खाणार कोण? पहिली काही वर्षं गल्ली खात होती. पण सुजय सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात गेला, वसतिगृहात राहू लागला, आणि थोरल्यांना खरी फौज मिळाली. ते एकदा त्याची मेस बघायला म्हणून गेले. तिथल्या आमटीत पळी घालून ती उंचावरून परत ओतली, धार बघितली आणि तडक परत आले. घरी येऊन म्हणाले, "पोरं कैदेत हायती. सोडवाय पायजेत."

तेव्हापासून सुजयला शनिवारी एकट्यानं घरी यायला बंदी झाली. एकटा आला की थोरले त्याच्या मागे रस्त्यावर बघत राहत, पाठीमागून कुणी येत असेल म्हणून. मित्र आणला की खूश. चार आणले की शीळ. एकदा क्रिकेटचा अख्खा संघ आला होता, राखीव खेळाडूंसकट; त्या दिवशी त्यांनी मिशीला कोकम तेल लावलं होतं.

पाहुण्यांनी काय सोसलं ते मी जवळून पाहिलं आहे. थोरले कधी समोरून वाढत नसत. समोरून वाढलं की माणूस ताटावर हात आडवा धरतो, म्हणून ते पाठीमागून येत आणि खांद्यावरून पोळी सोडत. "बास" हा शब्द त्यांना ऐकू येत नसे. बाकी कान तिखट होते. कुणी "भूक नाही" म्हटलं तर ते कपाळाला हात लावून ताप बघत. जेवण होईपर्यंत पाहुण्यांच्या चपला ओसरीवर कधीच सापडत नसत. त्या मागच्या दारी, कोंबड्यांच्या खुराड्यावर ओळीनं मांडलेल्या असत. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे गार अन्न. पाहुणा फोनवर बोलायला म्हणून ताटावरून उठला तर परत येईपर्यंत त्याचं ताट उचलून, आमटी पुन्हा उकळून, पोळी पुन्हा तव्यावर टाकून ठेवलेली असे. "गार अन्न कैद्याला देत्यात," ते म्हणत. "न्हाईतर ज्याची वाट बघायची न्हाई त्याला."

पण घराबाहेर त्यांची ख्याती झाली ती एका नियमामुळे. पाहुण्याला जेवण्याआधी नाव विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, कुणाचा कोण ते नाही. हात धुऊन झाले, पान-सुपारी झाली, की मग थोरले ऐसपैस बसून विचारत, "हां. आता सांग, बाळा. नाव काय तुजं?"

मी एकदा कारण विचारलं. "लंगरात फकस्त ताट दिसतंय, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "ताट फुडं आलं की वाढायचं. आधी नाव इचारलं की हाताला माप लागतंय. ह्यो आपल्यातला, ह्यो त्यांच्यातला, ह्यो सायबाचा मेव्हणा. पळीला कळतंय बरं का त्ये."

या नियमापायीच आटपाडीच्या पोराचं प्रकरण घडलं.

थंडीचे दिवस होते. शनिवारी दुपारी सुजयचा फोन आला. त्याचा वाईचा एक मित्र त्याच्याबरोबर सुट्टीला येणार होता. सुजयचं प्रॅक्टिकल लांबलं होतं, म्हणून मित्राला त्यानं आधीच्या गाडीनं पुढे पाठवलं होतं. थोरल्यांना त्यानं खूण सांगितली : उंच, सडपातळ, पाठीला काळी सॅक. आणि मित्राला सांगितलं, "फाट्यावर काका न्यायला येतील. मिशीवाले, स्कूटरवर. पूर्वी फौजेत होते. जरा तऱ्हेवाईक आहेत, पण ते म्हणतील तसं कर, उलट बोलू नकोस."

त्याच दुपारी आटपाडीकडचा एक मुलगा त्याच फाट्यावर उतरणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या मैदानावर सैन्यभरती होती. आमच्या शेजारच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. ते भरतीच्या पोरांची तयारी फुकट करून घेतात. हा मुलगा त्यांच्याकडे उतरणार होता. त्याला वडिलांनी सांगितलं होतं, "फाट्यावर सुभेदार येतील. मिशा हायत, स्कूटर हाय. ते म्हनतील तसं करायचं, उलट बोलायचं न्हाई."

आमच्या भागात फाट्यावर स्कूटर घेऊन उभा असलेला मिशीवाला फौजी ही काही ओळख होऊ शकत नाही. ती लोकसंख्या आहे.

थोरल्यांना उंच, सडपातळ, काळी सॅकवाला मुलगा दिसला. तो तासगावच्या बाजूनं आलेल्या गाडीतून उतरला होता, आणि सांगलीहून येणारा माणूस त्या बाजूनं कसा येईल, हा प्रश्न कुणालाही पडायला हवा होता. थोरल्यांना मी नंतर तो विचारला. "गाडी वळून आली आसंल," ते म्हणाले. त्या वेळी मात्र त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "आलास? बस." पोरगा बसला.

घरी आल्या आल्या ताट मांडलं. पोरगा आज्ञाधारक होता. थोरल्यांनी पाठीमागून पोळी सोडली की तो अवघडून खांदे आकसून घेई, पण खाई.

"बास, सायेब."

"सायेब? काका म्हन."

"जी, काकासायेब. पर लय झालं."

"लय झालं का न्हाई ते मी ठरवनार. दूध घे वरनं."

त्यानं दूध घेतलं. मग जरा धीर करून विचारलं, "सकाळी उठायचं कवा?"

"उठायचं कशाला? निवांत झोप की."

पोराच्या चेहऱ्यावर मोठा आदर उमटला. पुढची पोळी त्यानं "बास" न म्हणता खाल्ली. मला त्या आदराचा अर्थ तेव्हा कळला नाही. एवढंच वाटलं, वाईची मुलं फार सालस दिसतात.

हात धुऊन झाले. थोरल्यांनी त्याच्या हातात सुपारीचं खांड दिलं, स्वतः खांबाला टेकले आणि म्हणाले, "हां. आता सांग, बाळा. नाव काय तुजं?"

त्यानं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि आटपाडीच्या पलीकडचं एक गाव सांगितलं.

"आटपाडी?" मी म्हणाले. "वाई नाही?"

"न्हाई जी. उद्या भरतीला आलोय न्हवं. दौड हाय सकाळी."

तेवढ्यात सुजय दारात आला. सॅक खाली ठेवून त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "माझा मित्र कुठाय?" आम्ही सगळ्यांनी त्या पोराकडे पाहिलं. सुजयनंही पाहिलं. "आणि हा कोण?"

फोन लावला. वाईच्या मित्रानं पहिल्या रिंगला उचलला. त्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. "अरे, मी तुझ्याच घरी आहे ना? काकांनी भिजवलेले हरभरे दिले, दोन केळी दिली आणि आता अंगणात उड्या मारायला लावल्यात. तू म्हणालास म्हणून काही बोललो नाही. पण तुझे काका खरंच तऱ्हेवाईक आहेत रे!"

थोड्याच वेळात सुभेदार स्कूटरवरून वाईकराला घेऊन आले. दोन गावांमध्ये कैद्यांची अदलाबदल व्हावी तसे दोघे पोरगे ओसरीवर समोरासमोर उभे राहिले. उंची तीच, अंगकाठी तीच, सॅकही तीच. सुभेदारांनी स्कूटर बंद केली नव्हती.

"काय खायला घातलंस त्याला?"

"पुरनपोळी," थोरले म्हणाले.

"किती?"

थोरले पोळ्या मोजत नसत. ते त्यांच्या धर्माविरुद्ध होतं. माझ्या धर्मात मात्र ते बसतं. "सहा," मी म्हणाले. "आणि दूध."

सुभेदारांनी स्कूटर बंद केली आणि पायरीवरच बसले. "दौडीच्या आदल्या सांजंला हलकं खायचं, ह्ये कवापासनं फोनवर सांगतोय ह्येच्या बापाला. आन् तू तोफ ठासल्यावानी पोरगं ठासून ठिवलंस व्हय रं?" मग पोराकडे वळून, "आन् तुला कळत नव्हतं? खाल्लंस कशाला एवढं?"

"मला वाटलं ह्येच सुभेदार," पोरगा मान खाली घालून म्हणाला. "फौजी मानूस भरतीच्या आदल्या दिवशी खा म्हनतोय, म्हनलं, त्यात काय तरी असंल."

सुजयला हसू आवरेना. मलाही आवरलं नसतं, पण पोरगा पुढे बोलला. "मागल्या येळला दौडीतच ऱ्हायलो, थोडक्यात. ह्या बारीला शेवटचं. फुडं वय बसत न्हाई." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. मग आम्हाला वाईट वाटू नये म्हणून असेल, तो म्हणाला, "पर पोळ्या लय झ्याक हुत्या, काकासायेब."

ते ऐकलं आणि थोरले जागेवरून उठले. आयुष्यात हजारो माणसं जेवू घातलेला माणूस. घातलेला घास परत घ्यावासा वाटला असेल तो त्यांना त्या दिवशीच. ओवा आणि सैंधव घालून त्यांनी पाणी उकळलं, ते पोराला फुंकून फुंकून पाजलं, आणि मग त्याला घेऊन द्राक्षबागेच्या ओळींमधून चालू लागले. सुभेदारही मागून गेले. पुढे पोरगा, मागे दोन म्हातारे. एकजण म्हणत होता, "पोट भरलेलं असलं की पाय उचलत्यात." दुसरा म्हणत होता, "चूल फुकनाऱ्यानं पायाचं बोलू नये."

या गडबडीत वाईकराला मीच वाढलं. तो बिचारा हरभऱ्यांवरून आलेला, पोटभर जेवला. हात धुऊन वाट बघत बसला. पण थोरल्यांनी स्वतः वाढलेलं नसलं तर ते जेवण त्यांच्या लेखी झालेलंच नसे. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही आणि नावही विचारलं नाही. "काका माझ्यावर रागावलेत का?" त्यानं सुजयला हळूच विचारलं.

पहाटे यजमानांनी द्राक्षाच्या क्रेटची गाडी काढली. पोरगा आणि सुभेदार पुढे बसले, आम्ही बाकीचे मागे. मी रविवारी सकाळी कधी कुठे जात नाही. पण मी पोळ्या मोजल्या होत्या आणि एकदाही थांबवलं नव्हतं, तेव्हा पुढचा हिशेबही डोळ्यांनी बघायला हवा होता. थोरल्यांच्या मांडीवर पितळी डबा होता. त्यात शिरा, तुपात न्हालेला. डबा टॉवेलात गुंडाळलेला आणि टॉवेलावरून फौजेतली लोकरीची टोपी चढवलेली. सुभेदारांनी बजावलं होतं, पळण्याआधी पोराच्या तोंडाला काही लावायचं नाही. "पळून आल्याव दीन की," थोरले म्हणाले होते. "गरम गरम."

मैदानाला पत्र्याचं कुंपण होतं, आतलं काही दिसत नव्हतं. पोरगा दारातून आत गेला. जाताना थोरल्यांच्या पाया पडला. खाली वाकताना त्यानं पोटावर हात ठेवलेला मी पाहिला.

दाराशी आमच्यासारखीच बरीच माणसं उभी होती. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. थोरले डबा छातीशी धरून दाराकडे टक लावून होते. थोड्या वेळानं ते कुरकुरू लागले. "कवा सोडत्यात ह्येला? शिरा गार हुतोय."

दार उघडलं. चार-पाच पोरं बाहेर आली, घामेजलेली, खाली बघत. त्यांच्यात आमचा नव्हता. थोरले टाचा उंचावून बघून परत आले. "न्हाई सोडला अजून."

मी सुभेदारांना विचारलं, पास झालेली मुलं कुठून येतात? ते म्हणाले, पास झालेली येतच नाहीत. त्यांना आतच ठेवून घेतात, उंची-छाती मोजायला, पुढच्या चाचण्यांना. या दारातून येतात ती राहिलेली.

हे गणित सोपं होतं. मी थोरल्यांकडे गेले.

"दादा, तो लवकर यायला नको."

"का? शिरा गार हुईल की."

"तो लवकर आला म्हणजे नापास. जेवढा उशीर, तेवढं चांगलं. शिरा गरम असताना तो आला, तर ते वाईट."

थोरल्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे बघितलं. माझी कितीतरी त्रैराशिकं त्यांनी उडवून लावली होती. हे मात्र त्यांना पटायला लागलं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत गेलं. दार पुन्हा उघडलं. पोरं बाहेर आली. या वेळी ते टाचा उंचावून बघायला गेले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "हाय का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी डब्यावरची लोकरीची टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. पुन्हा दार उघडलं. एक उंच, सडपातळ पोरगा बाहेर आला आणि मी थोरल्यांची बाही धरली. पण तो दुसराच होता, त्याची आई आमच्याच शेजारी उभी होती. थोरल्यांनी टॉवेल सोडला. मग दगडावर बसून त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा उघडा वाऱ्याला धरला. बारीक वाफ निघाली, वळली आणि थांबली. ते तिच्याकडे असे बघत होते की जणू तीच आत पळत होती.

वाईकर जवळ येऊन उभा राहिला. "काका, थोडासा खाऊ?"

"हात लावू नगंस!" थोरले ओरडले. शिरा मागणाऱ्याला त्यांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

ऊन पत्र्यावर आलं. दार उघडायचं बंद झालं. सुभेदार दारावरच्या जवानाशी बोलायला गेले. दोघं ओळख असल्यासारखे बोलले. सुभेदारांनी बोटानं पोराची उंची दाखवली, जवानानं आत बघून मान हलवली. सुभेदार परत आले. चालताना ते नेहमीसारखे ताठ होते, पण मिशा हलत होत्या.

"आत हाय," ते म्हणाले. "छाती मोजाय घेतलाय." आणि जरा थांबून, मोठ्या कष्टानं, "पळाला म्हनं. कसा पळाला देव जाणे, पर पळाला."

थोरल्यांनी डब्यात बोट घातलं. वरचं तूप पांढरं थिजलं होतं.

"गार झाला!" ते ओरडले. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "मास्तरीणबाई, बघा, शिरा पार गार झाला!" आणि ते थिजलेलं तूप त्यांनी मला दाखवलं, सुजयला दाखवलं, गाडीत बसून पेंगणाऱ्या माझ्या यजमानांनाही नेऊन दाखवलं.

मग त्यांनी वाईकराला हाताला धरून दगडावर बसवलं, डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि सवयीनं त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. भरतीच्या मैदानाबाहेर, भर उन्हात, पोरानं तो गार शिरा खाल्ला. "बास" म्हणाला ते अर्थातच ऐकू गेलं नाही. डबा रिकामा झाल्यावर थोरल्यांनी त्याच्या हातावर पाणी घातलं, टॉवेल दिला आणि समोर ऐसपैस मांडी घालून बसले.

"हां," ते म्हणाले. "आता सांग, बाळा. नाव काय तुजं?"